घारमाथ्याची साक्ष

"इंदू, काटा किती?"

नानांनी मनगट माझ्या तोंडापुढे धरलं. खिंड सोडून पाऊण तास झाला होता आणि धुकं असं दाटलं होतं की हातातली काठी कुठे टेकते तेही दिसत नव्हतं.

"अकराशे साठ," मी वाचून सांगितलं.

"म्हणजे राहिले एकशे आठ. चल."

उंची दाखवणारं ते घड्याळ नानांच्या भाच्याने परदेशातून आणलं होतं. घड्याळ झकास होतं, पण ते वाचायला डोळे कुठे होते? उजव्या डोळ्याचं ऑपरेशन फसलेलं आणि डाव्यात मोतीबिंदू. समोर कुणीतरी उभं आहे एवढं त्यांना कळायचं, कोण आहे ते आवाजावरून. अशा माणसाने सप्टेंबरच्या धुक्यात घारमाथा चढायला निघावं म्हणजे शुद्ध आडमुठेपणा होता. पण नाना रसाळांना हे सांगायला जाणार कोण? आमच्या गावात तरी तसा माणूस जन्माला आलेला नव्हता.

या गोष्टीला आता एकोणीस वर्षं झाली. नाना भूमापन खात्यातून निवृत्त झालेले. गावातलं डोंगर चढणाऱ्यांचं मंडळ त्यांनीच काढलं, सर्व्हेचे नकाशे पुढ्यात घेऊन शंभर शिखरांची यादीही त्यांनीच केली. मंडळात तिला 'शंभरी' म्हणत. नियमही सगळे नानांचे. माथ्यावर सर्व्हेवाल्यांनी पुरलेला दगड असतो, त्यावर गोल कोरलेला आणि मधोमध टिंब. त्या दगडाला हात लागला तरच शिखर झालं. दगडाशेजारी मंडळाने पत्र्याचा डबा ठेवलेला, त्यात स्वतःच्या हाताने नाव-तारीख लिहून चिठ्ठी टाकायची. खाली आल्यावर मंडळापुढे साक्षीदाराची सही दाखवायची, नाहीतर दगडाचा फोटो. सव्वीस वर्षांत नानांची नव्याण्णव शिखरं झाली होती. घारमाथा तेवढा राहिला होता. दसऱ्याला त्यांची सत्तरी. हॉल ठरलेला, पत्रिका वाटून झालेल्या आणि पत्रिकेत 'शतशिखरवीर' असं आधीच छापून टाकलेलं. दसरा सोळा दिवसांवर आला होता.

साक्षीदार म्हणून मी जाणार हे कळलं तेव्हा मंडळातल्या लोकांनी तोंडात बोटं घातली. कारण मी हेमंत सातपुतेची बहीण.

हेमू माझ्याहून आठ वर्षांनी धाकटा. कोर्टात कारकून. एकतिसाव्या वर्षी त्याने शंभरी पुरी केली, मंडळातली पहिली. नानांची तेव्हा ब्याण्णव होती, हे ध्यानात ठेवलेलं बरं. हेमूचंही शेवटचं शिखर घारमाथाच. सोबतचा गडी तापाने पडला, म्हणून हा एकटाच गेला. परत आला तो चिखलाने माखलेला आणि तोंडभर हसत. पुढच्या बैठकीला मीही गेले होते, पेढ्यांचा पुडा घेऊन.

नानांनी फोटो हातात घेतला, सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"हे काय आहे रे हेमंत? दूध?"

सगळे खो खो हसले. फोटो खरोखरच पांढराफटक आला होता.

"धुकं होतं नाना. पण दगडाला हात लावलाय मी. डब्यात चिठ्ठी टाकलीय. कुणीही जाऊन बघा."

"आम्ही कशाला जायचं? शिखर तुझं, पुरावाही तूच आणायचा. घारमाथ्याला दोन माथे आहेत. अलीकडचा धाकला, तिथे गुराख्यांनी दगड रचलेत. धुक्यात नवख्याला तोच माथा वाटतो. तू तिथूनच शेपूट घालून परत आलास."

"नाही हो नाना."

"मग फोटो आण."

आणि त्यांनी लाल पेन्सिलीने हेमूच्या नावापुढचं शंभर खोडून नव्याण्णव केलं. पेढे तसेच घरी आले. हेमू आठ दिवस धड जेवला नाही, आणि नवव्या दिवशी भर पावसात फोटो काढायला पुन्हा घारमाथ्यावर गेला. थोरल्या माथ्याखालच्या कातळावरून त्याचा पाय सुटला. कातळवाडीच्या लोकांनी झोळीत घालून आणला. जीव वाचला, पण कमरेखाली काही उरलं नाही. त्यानंतर मंडळाने घारमाथ्याचं नाव घेणंच सोडलं. चार वर्षं तिकडे कुणी फिरकलं नाही.

गंमत अशी की हेमूच्या मनात नानांबद्दल रागाचा लवलेश नव्हता. नियम तो नियम, म्हणायचा. त्याच्या वाटणीचा रागही मग मलाच करावा लागे.

"ताई, तू जा त्यांच्याबरोबर," त्यानेच मला सांगितलं. "त्यांना दिसत नाही. तुला डोंगराची सवय आहे. नानांची शंभरी राहायला नको."

मी गेले. पण कशासाठी गेले ते हेमूला सांगितलं नाही. मला तो डबा उघडायचा होता.

कातळवाडीचा सोमा मेंगाळ वाटाड्या होता. हेमूची झोळी खाली आणणाऱ्या चौघांतला तो एक. खिंडीत पोचल्यावर तो बसला, कारण शेवटचा चढ फक्त चढणारा आणि साक्षीदार, वाटाड्या नाही, हाही नानांचाच नियम.

"बाई, नीट ऐका," सोमाने मला बाजूला घेऊन सांगितलं. "आधी धाकला लागंल. दगडं रचल्याती तो. तिथं थांबू नगा. म्होरं जरा उतार हाय, मंग उभा चढ, मंग कातळ, मंग थोरला. आन कातळावर म्हाताऱ्याला अगुदर चढू द्या, तुमी मागनं ऱ्हावा."

"बरं."

"आज नगं जाऊ खरं तर. धुई लई हाय."

"त्यांना सांग की."

सोमाने नानांकडे बघितलं आणि तंबाखू काढली.

तर आम्ही चढत होतो. नानांचे गुडघे वाजायचे ते मला ऐकू यायचं. दर वीस-पंचवीस पावलांवर ते काठीवर कपाळ टेकून उभे राहत आणि काटा विचारत. मी आकडा सांगत होते. बोलण्यासारखं दुसरं काही आमच्यात नव्हतं.

धाकला आला तेव्हा आधी नानांची काठीच दगडांवर आपटली. ते वाकले, दोन्ही हातांनी चाचपू लागले. छातीएवढा ढिगारा होता, ओला, शेवाळलेला.

"पोचलो," नाना म्हणाले. मग लगेच, "काटा किती?"

"बाराशे सहा."

घारमाथ्याची उंची बाराशे अडुसष्ट, हे त्यांना झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं.

"अशा हवेत काटा उतरतो," ते म्हणाले.

"साठ मीटर उतरतो?"

"उतरतो कधीकधी."

"गोल कुठे आहे नाना? चाचपा ना. गोल आणि मधे टिंब."

त्यांची बोटं दगडांवरून फिरत राहिली. मी बाजूला उभी राहून बघत होते. मदत केली नाही.

"झिजला असेल," ते म्हणाले. "इंदू, वही काढ. सही कर."

सव्वीस वर्षं या माणसाने लोकांची शिखरं खोडली होती. दहा पावलं अलीकडून परतलेल्याला पुन्हा पाठवलं होतं. साक्षीदार सख्खा मेव्हणा आहे म्हणून एकाची सही नाकारली होती. त्याच तोंडाने हे वाक्य आलं, तेही अगदी सहज.

"हा धाकला माथा आहे," मी म्हटलं.

"माहीत आहे मला."

"मग?"

"मग काय? माझे गुडघे संपलेत. या धुक्यात कातळ चढणं मला झेपणार नाही. इथे तू आहेस आणि मी आहे. कोणाला काय कळणार आहे? एका सहीने तुझं काय जाणार आहे?"

"हेमूला काय म्हणाला होतात? शेपूट घालून आलास म्हणाला होतात ना?"

"हेमंतचं वेगळं होतं."

"काय वेगळं होतं?"

"तो तरुण होता. त्याला परत जाता येत होतं."

"गेलाच की तो परत."

नाना ढिगाऱ्यावर टेकले आणि खाली मान घालून बसून राहिले. मला वाटतं, त्या वेळी मी वही पुन्हा पिशवीत टाकून त्यांना खाली नेलं असतं, तर सगळंच निराळं झालं असतं. दसऱ्याला नानांची फजिती झाली असती आणि माझं समाधान. पण मला तेवढ्यावर भागवायचं नव्हतं. ते हरलेले मला नको होते, सरपटत जिंकलेले हवे होते. आणि डबाही वर होता.

"उठा," मी म्हटलं.

"इंदू—"

"उठा म्हणते ना. पत्रिका छापल्यात तुमच्या."

मी त्यांच्या काखेत हात घालून उठवलं. पुढचा उतार त्यांनी बसून, घसरत पार केला. धोतर-कोटातला माणूस नव्हता तो, पण जी काही चांगली तुमान घालून आले होते ती मागून चिखलाने भरली. मला बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटत होतं.

मग उभा चढ लागला, तो त्यांना ओढत नेऊन संपवला आणि कातळापाशी पोचलो. तीन पुरुष उंचीचा असेल, खोबणी होत्या, कोरडा असता तर पोरासोरांनीही चढावा असा. तेव्हा त्यावरून पाणी झिरपत होतं.

"नाना, इथूनच पडला तो," मी म्हटलं. "हात जपून लावा."

ते कातळाला गाल लावून उभे राहिले.

"इंदू, मला खाली ने. ऐक माझं. नको मला शंभर."

"नको कसं? सव्वीस वर्षं घालवलीत."

"मी मंडळात सांगेन राहिलं म्हणून. पाया पडतो तुझ्या."

"पाय वर ठेवा. डावा. तिथे खोबण आहे."

त्यांनी पाय ठेवला. दुसरं काय करणार होते बिचारे? परतीची वाट त्यांना दिसत नव्हती आणि सोमा हाकेच्या पलीकडे होता. मी मागून एकेक पाय धरून खोबणीत ठेवत गेले. एकदा त्यांचा हात सुटला आणि सगळं अंग माझ्या खांद्यावर आलं. त्यांच्या तोंडून लहान मुलासारखा आवाज निघाला. मी त्यांना वर ढकललं. गुडघा फुटून रक्त येत होतं ते माझ्या बाहीला लागलं. कातळ संपला तरी ते रांगतच राहिले, कारण उभं राहायचा धीर नव्हता.

"अजून किती?"

माथ्यावर धुकं जरा विरळ होतं, दगड मला दिसला होता. दहा पावलांवर होता.

"अजून बरंच आहे," मी म्हटलं.

असे ते दहा पावलं रांगले, जन्मभर रांगायचं असल्यासारखे, आणि हात दगडावर पडला. बोटं फिरली. गोल सापडला, टिंब सापडलं. मग नाना त्या दगडावर डोकं टेकून रडले. मी त्यांच्याकडे पाठ केली. दया आली म्हणून नाही. डबा शोधायचा होता.

डबा दगडाच्या पलीकडच्या खाचेत होता, वर चपटा दगड ठेवलेला. झाकण गंजून बसलं होतं, काठीने ठोकून उघडलं. आत मेणकापडाची घडी आणि घडीत आठ-दहा चिठ्ठ्या. सगळ्यांत वरची हेमूची होती. अक्षर मी बघताक्षणी ओळखलं.

"नाना, ऐका," मी म्हटलं आणि मोठ्याने वाचलं. "हेमंत गजानन सातपुते. शिखर शंभरावं. रविवार, २६ ऑगस्ट २००१. धुकं दाट. काहीच दिसलं नाही, तरी पोचलो."

नानांचं रडणं थांबलं.

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.

तो पोचला होता. पहिल्याच खेपेला पोचला होता. दुसऱ्यांदा त्या कातळावर जायची त्याला काही गरज नव्हती. चार वर्षं मी त्याला कुशीवर वळवत होते, पाठीच्या जखमा पुसत होते, आणि हा कागद इथे मेणकापडात कोरडा ठणठणीत पडून होता. कुणी एकदा वर येऊन झाकण उघडायचा अवकाश होता.

मी चिठ्ठीची घडी केली आणि ब्लाउजमध्ये खोचली. कागदाचा आवाज नानांनी ऐकला असावा.

"काय करतेस?"

"घेऊन चाललेय."

"ठेव ती. डब्यातलं बाहेर काढायचं नसतं."

"का? आणखी चार वर्षं कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून?"

"इंदू, ऐक. ती तिथेच ठेव."

"तुमचं ऐकायचे दिवस गेले नाना."

मी कागद दिला त्यावर त्यांनी अंदाजाने नाव लिहिलं, ओळ कागदावरून घसरून गुडघ्यावर गेली. मी ती चिठ्ठी डब्यात टाकली, झाकण लावलं आणि त्यांच्या वहीत साक्षीदाराची सही केली. सही खरी होती. शिखर झालं होतं. आता या माणसाला हेमूचं शिखर मान्य करण्यावाचून गत्यंतर नाही, असं मी धरून चालले होते. मी त्यांना खोटेपणातून ओढून खऱ्यावर आणलं होतं, आणि तेही हे जाणत होते.

चिठ्ठी मी घरी हेमूला दाखवली नाही. माझी हौस मोठी. मला ती दसऱ्याला, भरल्या हॉलमध्ये, सगळ्यांदेखत त्याच्या हातात द्यायची होती. ज्या लोकांनी दूध म्हणून हसायचं काम केलं होतं त्यांच्यासमोर.

दसऱ्याला हॉल गच्च भरला. हेमूला नवा निळा शर्ट घालून मी पहिल्या रांगेच्या कडेला त्याची चाकाची खुर्ची लावली. नाना स्टेजवर, गुडघ्याला पट्टी, डोळ्यांना काळा चष्मा. चिटणीस उकिडव्यांनी शंभर शिखरांची नावं वाचली, प्रत्येक नावाला टाळ्या. घारमाथ्याला सगळ्यांत जास्त. मग त्यांनी हार उचलला, तेवढ्यात मी उभी राहिले.

"उकिडवे, हार घालायच्या आधी मला दोन शब्द बोलायचेत."

मी चिठ्ठी वाचून दाखवली. घारमाथ्याच्या डब्यात सापडली म्हणून सांगितलं, आणि खुर्चीपाशी जाऊन ती हेमूच्या मांडीवर ठेवली. हेमू चिठ्ठीकडे बघत होता, माझ्याकडे नाही.

"डब्यातून बाहेर काढली तुम्ही?" उकिडव्यांनी विचारलं.

"नाहीतर दाखवणार काय?"

"अहो, पण..." ते चाचरले. माणूस भला होता. "चिठ्ठी डब्यात असणं हाच पुरावा असतो इंदूताई. हातात घेतल्यावर नुसता कागद. उद्या कुणी म्हणालं, घरी बसून लिहिला, तर?"

"नाना होते ना तिथे! त्यांच्यासमोर काढलीय. दोनदा वाचून दाखवलीय. विचारा त्यांना."

सगळ्यांच्या माना स्टेजकडे वळल्या. उकिडव्यांनी माईक नानांच्या तोंडाशी धरला.

"नाना, तुमच्यासमोर निघाली का ही चिठ्ठी डब्यातून?"

नानांनी घसा साफ केला.

"डबा उघडल्याचा आवाज मी ऐकला. इंदूने काहीतरी वाचलं, तेही ऐकलं. कागद कुठून काढला, ते मला दिसलं नाही."

"नाना!"

"मला दिसत नाही इंदू. सगळ्या गावाला माहीत आहे. जे दिसलं नाही त्याची साक्ष मी कशी देऊ?" आवाज शांत होता, अगदी बैठकीतला. "आणि मी तिला सांगितलं होतं, ठेव तिथेच म्हणून. दोनदा सांगितलं. विचारा तिला."

"सांगितलं होतं?" उकिडव्यांनी मला विचारलं.

"हो, पण ते—"

मागून कुणीतरी च् च् केलं. बायकांत कुजबुज सुरू झाली. मग माझा तोल सुटला. मी ओरडून सांगितलं की हाच माणूस धाकल्या माथ्यावर बसला होता, कोणाला काय कळणार आहे म्हणाला होता, माझ्याकडे खोटी सही मागत होता.

नाना थांबले. माझं सगळं बोलून होऊ दिलं.

"धाकल्यावर तू सही केलीस का?" त्यांनी विचारलं.

"नाही केली."

"थोरल्यावर केलीस?"

"केली."

"खरी का खोटी?"

"खरी."

"मग झालं तर," नाना म्हणाले, आणि आधी कुणी तरी एकाने, मग साऱ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. हार पडला. बिचारीचा भाऊ असा झाला, डोक्यावर परिणाम होणारच, असं माझ्या मागच्या बाईने शेजारणीला सांगितलं, ते मला ऐकू यावं अशा बेताने. हेमूही टाळ्या वाजवत होता. चिठ्ठी मांडीवरून पडू नये म्हणून कोपर तिच्यावर दाबून धरून वाजवत होता.

घरी आल्यावर त्याने चिठ्ठी दिव्याखाली धरली.

"तिथेच होती?"

"सगळ्यांत वर होती. मेणकापडात."

"भिजली नव्हती?"

"नाही रे. जराही नाही."

त्याने ती जुन्या घडीवर नीट दुमडली. मग म्हणाला, "ताई, उकिडवे आणि आणखी तिघं डिसेंबरात घारमाथ्याला जाणार आहेत. मला येऊन सांगून गेलेत. म्हणाले, हेमंत, आम्ही डबा उघडून बघतो, तुझी चिठ्ठी निघाली तर नाव चढवतो."

"कधी म्हणाले?"

"गणपतीत."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू ऐकून घेतलं असतंस? तुझ्या डोळ्यांपुढे दिवसरात्र नाना. मी म्हटलं, एकदा नाव चढलं की तुला सांगू."

मी म्हटलं, मी परत नेऊन ठेवते, उद्याच जाते, सोमाला घेऊन जाते. हेमू हसला. साऱ्या गावाने ती माझ्या हातात पाहिली होती.

डिसेंबरात ते चौघे खरंच गेले. दिलेला शब्द पाळायचा म्हणून गेले असतील. मंडळाचं इतिवृत्त तेव्हा हेमूच लिहून द्यायचा, बसल्या जागी त्याला जमणारं मंडळाचं तेवढंच काम होतं. उकिडव्यांनी कच्चा मजकूर पाठवला आणि हेमूने तो नेहमीसारखा मांडीवर पाट घेऊन, मोत्यांसारख्या अक्षरात वहीत उतरवला. शाई वाळू दिली आणि वही माझ्याकडे सरकवली.

"ताई, वाचून बघ गं, काही चुकलंय का."

मी वाचलं. घारमाथा. डबा उघडून तपासला. श्री. हेमंत सातपुते यांची चिठ्ठी आढळली नाही. त्यांची शिखरे नव्याण्णव कायम.

कुठेही काही चुकलं नव्हतं. मी तसं त्याला सांगितलं.